वसाहतीकडच्या खिडकीचा पडदा

पडदे शिवणाऱ्या बाईला लोकांच्या घरातलं किती कळतं, हे लोकांना कळत नाही तेच बरं. कोणाचा सोफा नवा आणि गादी आजेसासऱ्यांच्या वेळची, कोण दारात गोड बोलतं आणि आत सुनेवर खेकसतं, कोणाकडे नवरा-बायकोच्या खोल्या वेगळ्या झाल्यात, हे सगळं खिडकीचं माप घेता घेता आपसूक डोळ्यांत भरतं. ताई मात्र या कानाची खबर त्या कानाला लागू देत नसे. टेप गळ्यात, पेन्सिल केसांत, तोंडाला कुलूप. म्हणूनच नव्या टॉवरांतल्या बायका तिचा नंबर एकमेकींना देत.

तिथं तिला ‘पडदेवाली’ म्हणत. ताई म्हणत ते वसाहतीत, लहानथोर सगळे. पन्नाशीकडे झुकलेली, अंगानं काटकुळी, चालताना नेहमी कुठेतरी उशीर झाल्यासारखी. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे विचारणारे विचारून विचारून दमले, आणि त्यातले काही तर वर गेले, तरी उत्तर मिळालं नाही. ती आणि तिचे बाबा, दोघंच तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहत. खोली एक, तिच्यातच कोपऱ्यात ओटा, खिडकीखाली शिलाई मशीन, पलंगाखाली कापडाचे ताके. बाहेर गॅलरी. पाहुणा आला की ताके बाहेर काढून त्याला पलंगावर बसवायचं, तो गेला की ताके पुन्हा आत.

वसाहत जुनी. एके काळी शेजारी मोठा कारखाना होता आणि त्याच्या मालकानं कामगारांसाठी या तीन मजली इमारती बांधल्या होत्या. कारखाना बंद पडला, शेड पाडल्या, जमीन विकली गेली. इमारती तेवढ्या राहिल्या, कारण त्या कोणाला नकोच होत्या. भाडं असं होतं की शिपाई, ड्रायव्हर, दवाखान्यातली आया, विधवा, निवृत्त झालेले, असे सगळे तिथं तग धरून होते. बाबा कारखान्यात फोरमन होते. कारखाना जाऊन इतका काळ लोटला तरी वसाहतीत त्यांना फोरमनकाकाच म्हणत, आणि तेही अजून सकाळी भोंगा व्हायचा त्याच वेळेला उठत. उठून काय करायचं, हा प्रश्न होता. गुडघा गेला होता. मग ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत. ऊन समोरून यायचं, म्हणून ताई चादरी त्यांच्या डोक्यावरच्या दोरीवर वाळत घालायची. चादरीच्या सावलीत बसून फोरमनकाका खालच्या रस्त्यावर देखरेख करत. कोण कुठे निघालं, कोण कधी परतलं, कोणाची सायकल पंक्चर आहे, काही सुटायचं नाही.

बघता बघता गाव फुगत आलं. आधी रुंद रस्ता झाला, मग काचेच्या भिंतींचं मोठं दुकान, मग बसगाड्या दारात उभ्या राहणारी शाळा, आणि मग कारखान्याच्या जमिनीवर टॉवर. वसाहतीतल्या पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण ताईचं नशीब उघडलं. तोवर ती उशांचे अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवत होती. आता खिडक्याच खिडक्या.

काम ती जिवापाड करायची. तिची एक रीत होती. पडदा टांगला की खालची दुमड ती लगेच पक्की करत नसे. नुसते कच्चे टाके घालून यायची. कापड लटकलं की आपल्याच वजनानं हळूहळू उतरतं, म्हणून ते चांगलं उतरू द्यायचं, मग पुन्हा जाऊन पक्की शिलाई मारायची. शिवाय दुमडीच्या आत चांगलं वीतभर जास्तीचं कापड ठेवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, “अहो, कापड वाया कशाला घालवता?” ती म्हणायची, “वाया नाही जात. उद्या घर बदललंत आणि खिडकी उंच निघाली, तर दुमड उसवायची, झालं काम.” आत्ताच घर घेतलेल्या माणसाला घर बदलायची गोष्ट ऐकायला आवडत नाही. पण ती आपली बोलून जायची.

वसाहतीला लागून असलेल्या टॉवरांत प्रत्येक घराला दोन बाजू होत्या. एक टेकडीकडची, एक वसाहतीकडची. टेकडीकडच्या खिडकीला लोक झिरझिरीत पांढरं कापड मागत, वाऱ्यानं हलणारं. वसाहतीकडच्या खिडकीला जाड. “अस्तर लावा हं. काही दिसायला नको.” ताई मान डोलवायची, माप लिहून घ्यायची. आपण दिसू नये म्हणून लोक पैसे देतात आणि त्या पैशांवर आपण जगतो, हा विचार तिच्या मनात येत नसे असं नाही. येत असे. पण विचारानं वीजबिल भरलं जात नाही, म्हणून ती तो बाजूला सारून मशीन चालवायची.

एकदा एका डॉक्टरीणबाईंकडे माप घेत होती. बाई चांगल्या होत्या, चहा कपात द्यायच्या, बसायला खुर्ची द्यायच्या. वसाहतीकडच्या खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “तुम्ही कुठे राहता हो?” ताईनं काचेतून पाहिलं. समोर तिसऱ्या मजल्यावर चादरींच्या खाली, अंगात बाह्यांना विटलेला बनियन घालून, फोरमनकाका पाठ खाजवत बसले होते.

“इथंच, मागच्या रस्त्याला,” ताई म्हणाली.

ती खोटं बोलली. बापाची लाज वाटली म्हणून बोलली. याला दुसरं नाव देता येत नाही, आणि तिनंही कधी दिलं नाही. घरी आल्यावर तिनं बाबांना दोन नवे बनियन आणून दिले. त्यांनी ते कपाटात जपून ठेवले, कुठे जायचं झालं तर असावेत म्हणून, आणि जुनाच घालून बसले.

पुढे टॉवरच्या विक्री कार्यालयातल्या साहेबानं तिला नमुन्याच्या घराचे पडदे शिवायला बोलावलं. गिऱ्हाइकाला दाखवायला सजवून ठेवलेलं ते घर. पलंगावर कोणी झोपत नाही, फळांच्या ताटलीतली फळं प्लॅस्टिकची. हा साहेब तरुण होता, बारा महिने गळ्यात टाय. वसाहतीतल्या लोकांनी त्याचं नाव टायसाहेब ठेवून टाकलं होतं. पडदे टांगून झाल्यावर तो म्हणाला, “तुम्ही समोर राहता ना? पाहिलंय मी तुम्हाला जिन्यातून उतरताना.”

ताईच्या हातातली पट्टी खाली पडली.

“घाबरू नका. मी कुणाला सांगत नाही. पण तुमच्याशी बोलायचंच होतं. या बाजूची घरं खपत नाहीत हो. लोक येतात, टेकडी बघून खूश होतात, मग या खिडकीशी येतात आणि गप्प होतात. भावच पडतो. ज्यांनी घेतलीत ते आता ओरडतायत. त्यांनी नगरपालिकेत तक्रार दिलीय की समोरच्या इमारती धोकादायक आहेत, हलवा.”

“धोकादायक काय आहे त्यात?”

“काही नाही. कपडे आहेत,” टायसाहेब म्हणाला, आणि हसला नाही. “चादरी, चड्ड्या, गोधड्या, सगळं तोंडावर. रंग उडालेला. ताई, दिसायला जरा बरं झालं ना, तर हेच लोक गप्प बसतील. मी स्वतः बोलतो त्यांच्याशी. शब्द देतो.”

त्यानं मनापासून शब्द दिला होता. पुढे जे झालं त्याचं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडता येत नाही, ही तर खरी अडचण आहे.

ताईनं वसाहतीतल्या माणसांना अंगणातल्या नळापाशी जमवलं. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर बोलली. म्हणाली, आपलं घर वाचवायचं असेल तर समोरची बाजू नीट दिसली पाहिजे. कपडे मागच्या बाजूला वाळवू. पुरुषांनी रंग द्यायचा. आणि समोरच्या प्रत्येक खिडकीला एकसारखे पडदे, ते मी शिवते. कापड टायसाहेब देतो म्हणालाय, नमुन्याच्या घराचं उरलेलं. शिलाई माझी. कोणी एक पैसा द्यायचा नाही.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग लाँड्रीवाली वहिनी पुढे आली. ही ताईची भिंतीला भिंत लागून शेजारीण. लोकांचे कपडे धुऊन, वाळवून, इस्त्री करून द्यायची. तिची अख्खी गॅलरी म्हणजे दोऱ्या.

“मागं ऊन येत नाही, ताई,” ती म्हणाली. “माझं कसं व्हायचं?”

“थोडे दिवस काढ, वहिनी. तक्रार मागं घेतली की पुन्हा पुढं घाल.”

“तू म्हणतेस म्हणून,” वहिनी म्हणाली. ते तीन शब्द ताईला पुढे फार जड गेले.

फोरमनकाका वर गॅलरीतल्या खुर्चीवरून म्हणाले, “धुतलेला कपडा वाळत घालायची लाज कधीपासून वाटायला लागली आपल्याला? मळका घातला असता तर गोष्ट वेगळी.” लोक हसले. ताई हसली नाही.

त्यानंतर तिनं जे काम केलं तसं आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. टॉवरची कामं आटोपून आली की हात धुवायची आणि वसाहतीचे पडदे घ्यायची. साय रंगाचं कापड, खाली बोटभर तपकिरी पट्टी. प्रत्येक खोलीत जाऊन माप, जसं टॉवरमध्ये घ्यायची अगदी तसं. शिपायाची बायको म्हणाली, “अगं, आमच्या फडतूस खिडकीला कशाला एवढं?” ताई स्टुलावरून म्हणाली, “हात वर धर आणि गप्प उभी राहा.” चुण्या मोजून मारल्या, कड्या घासून घेतल्या, आणि दुमडीच्या आत वीतभर कापड सोडलं, तिथंही. सवय ती सवय.

पुरुषांनी शिडी लावून रंग दिला. एकाचा हात मुरगळला, दोघांची भांडणं झाली, एका बाजूचा रंग किंचित पिवळा आला. पण झालं. लाँड्रीवाल्या वहिनीनं दोऱ्या सोडून मागं बांधल्या. मागच्या बाजूला इमारतीचीच सावली पडायची. कपडे दिवसभर लटकून संध्याकाळी ओलसरच निघायचे, कुबट वास मारायचा. एकेक गिऱ्हाईक सुटायला लागलं. तिच्या इस्त्रीचा खडखडाट भिंतीपलीकडून कमी कमी ऐकू येऊ लागला.

सगळे पडदे लागले त्या रविवारी ताई काहीतरी निमित्त काढून नमुन्याच्या घरात गेली आणि खिडकीशी उभी राहिली. समोर तिची वसाहत. एका ओळीत खिडक्या, एकसारखे पडदे, वारा आला की सगळे एकदम फुगत. तिला भरून आलं. जन्म काढला त्या घरात, पण ते इतकं देखणं दिसू शकतं हे तिला माहीत नव्हतं. तेवढ्यात नजर तिसऱ्या मजल्यावर गेली. त्या सगळ्या नीटनेटकेपणाच्या मधोमध, तिच्याच गॅलरीत, दोरीवर एक बनियन.

घरी येऊन तिनं तो काढला. पुढच्या रविवारी पुन्हा होता. पुन्हा काढला. फोरमनकाका रस्त्याकडे बघत बसायचे. ती पुन्हा कामाला गेली की गुडघा धरून उठायचे, बनियन धुवायचे आणि समोर घालायचे. असा बरेच रविवार बापलेकीचा खेळ चालला होता. वसाहतीत त्याची गंमत झाली. कोणीतरी त्या बनियनला झेंडा म्हणायला लागलं.

एकदा मात्र टायसाहेबाचा फोन आला की आज मोठं गिऱ्हाईक आहे, तेवढं बघा. ताई धावत घरी आली. बनियन होताच. तिचं डोकं सणकलं. दोरीवरून तो ओढून तिनं बाबांच्या पायाशी टाकला.

“तुमच्या एका बनियनपायी सगळ्यांची घरं जातील! कळतंय का तुम्हाला? सगळ्यांची! म्हातारपणी बसून खायचं तेवढं खा, पण दुसऱ्याच्या मुळावर नका येऊ!”

शब्द तोंडातून गेले आणि तिला ते परत हवे होते. फोरमनकाकांनी वाकून बनियन उचलला. वाकायला त्यांना फार त्रास होत असे. तो झटकला, घडी घातली आणि खुर्ची घेऊन आत गेले. त्यानंतर त्यांनी समोर काही वाळत घातलं नाही. गॅलरीतही बसेनात. चादरी नव्हत्या, उन्हात बसवत नव्हतं, हे कारण होतंच. पण ते एकच कारण नव्हतं. आत भिंतीशी बसून भोंग्याच्या वेळेपासून दिवस मावळेपर्यंत ते शिलाई मशीनचं चाक बघत राहायचे.

आणि ताईचं गणित बरोबर ठरलं. तक्रार मागे घेतली गेली. या बाजूची घरं भराभर विकली गेली. टायसाहेब स्वतः अंगणात येऊन सांगून गेला. म्हणाला, “तुमच्या ताईंचे उपकार माना.” लोकांनी मानले. शिपायाच्या बायकोनं तिला मिठी मारली. लाँड्रीवाल्या वहिनीनं विचारलं, “मग आता दोऱ्या पुढं बांधू?” ताई म्हणाली, “अजून थोडं थांब. आत्ताच कुठं जमलंय.”

मग एके दिवशी दुपारी एक लांबलचक गाडी आली. कारखान्याचा मालक कधीच वारला होता, आलेला त्याचा पुतण्या होता, आणि बरोबर दोन पाहुणे. पुतण्यानं ही वसाहत लहानपणानंतर पाहिलीच नव्हती. अंगणात उभं राहून त्यानं वर पाहिलं, रंग पाहिला, पडदे पाहिले. ताई जिन्यात होती. तो तिला म्हणाला, “वा! किती छान ठेवलंय तुम्ही लोकांनी. कोणाची कल्पना?”

“माझी,” ताई म्हणाली. तिला अभिमान वाटला, आणि तो चेहऱ्यावर दिसला.

थोड्याच दिवसांत प्रत्येक दाराशी माणूस येऊन सांगून गेला. भाड्याचे करार संपले की पुढे वाढवणार नाहीत. जागा विकली. ज्यांना हवं त्यांना गावाबाहेर, जुन्या खाणीपलीकडे, बदली खोल्या मिळतील. तिथं बस अजून जात नव्हती.

ताई तशीच, पायांत चप्पल आहे की नाही हे न बघता, टायसाहेबाच्या कार्यालयात गेली. “तुम्ही शब्द दिला होता.”

“तक्रारीचा दिला होता. पाळला,” तो म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. “ताई, हे माझ्या हातातलं नाही.”

“मग कोणाच्या?”

तो थोडा वेळ टायशी चाळा करत राहिला. “खरं सांगू? ती जागा कोणी फुकटही घेत नव्हतं. समोर ते दिसायचं, म्हणून या बाजूचा भाव पडलेला, आणि भाव पडलेला म्हणून त्या जागेकडे कोणी वळून बघत नव्हतं. मग या बाजूची घरं गेली, भाव चढला. चढलेला भाव पुतण्याच्या कानावर गेला. आता तिथं याहून उंच टॉवर येणार आहे.”

“म्हणजे आम्ही घाणेरडे दिसत होतो, तोवर आमची घरं शाबूत होती.”

त्यानं टेबलावरचे कागद सरळ केले. मग हळूच म्हणाला, “मी पण इथं राहत नाही, ताई. दीड तास लांब राहतो. इथली घरं विकतो, पण इथं घर घ्यायची माझी ऐपत नाही.” ताईला त्या क्षणी त्याची कीव करता आली नाही. पुढे कधीतरी आली.

ती लगेच घरी गेली नाही. काचेच्या दुकानापर्यंत गेली, तिथून परत आली, पुन्हा गेली. एक विचार तिला चावत होता आणि जागचा हलत नव्हता. बाबांचा बनियन कोणाच्या मुळावर आला नव्हता. वसाहतीच्या मुळावर तिचे पडदे आले होते. सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या, आपापल्या चादरी तशाच ठेवल्या असत्या तर कदाचित आणखी कित्येक वर्षं कोणी तिकडे बघितलंही नसतं. कदाचित. हे ‘कदाचित’ फार वाईट.

वर आल्यावर तिनं बाबांना सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. शेवटी, ज्या पायांशी बनियन टाकला होता, त्याच पायांशी बसली. “मी तुम्हाला काय काय बोलले, बाबा.”

म्हाताऱ्यानं खिडकीच्या पडद्याकडे हात नेला. मी सांगितलं होतं, असं म्हणायला त्यांना पूर्ण मुभा होती. ते म्हणाले नाहीत. पडद्याची कड बोटांत धरून, कारखान्यात सुटा भाग तपासावा तसा त्यांनी टाका तपासला.

“पडदे मात्र फार छान शिवलेस गं,” ते म्हणाले.

त्यावर ताई जी रडली ती पलीकडच्या भिंतीला ऐकू गेली.

लाँड्रीवाली वहिनी मात्र तिच्याशी बोलेना. जिन्यात समोरासमोर आली तरी नजर चुकवून जाई. जागा विकल्याचं कळलं त्याच दिवशी तिनं दोऱ्या पुढं आणून बांधल्या आणि लोकांच्या चादरी फडफडत्या घातल्या. आता त्याचा उपयोग नव्हता, पण कपडे खडखडीत वाळत होते. एकेक कुटुंब निघत होतं. कोणी पडदे तसेच टाकून गेलं, कोणी त्यांत भांडी बांधून नेली. वहिनी निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढवून झालं, आणि ती ताईच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात घडी केलेला साय रंगाचा पडदा.

“तिकडची खिडकी केवढी आहे, देव जाणे,” ती म्हणाली. “आत कापड सोडलंयस ना?”

“सोडलंय. वीतभर.”

“बरं,” वहिनी म्हणाली, आणि पडदा पिशवीत घालून जिना उतरली. माफ केलं की नाही, ते ताईला कळलं नाही. तिनं विचारायची हिंमतही केली नाही.

ताई आणि बाबा निघाले त्या सकाळी खोली रिकामी झाली होती. मशीन खाली गेलं होतं. फोरमनकाका भोंग्याच्या वेळेला उठले, मोरीत बसून त्यांनी काहीतरी धुतलं, आणि गुडघा धरत गॅलरीत गेले. ताई त्यांना न्यायला वर आली तेव्हा दोरीवर तो जुना बनियन होता, दोन्ही खांद्यांना चिमटे लावलेले. तिनं चिमट्याला हात घातला.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “वाळला नाही अजून.”

तिनं हात मागे घेतला. खाली उतरताना तिनं त्यांचा सगळा भार आपल्या खांद्यावर घेतला होता.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ताई दोन बस बदलून गेली. पहिली बस पकडायलाच तिला खाणीच्या कडेनं बरंच चालावं लागलं होतं. बाईंनी नेहमीसारखा चहा दिला. वसाहतीकडच्या खिडकीपाशी नेलं. “हे जाड पडदे आता काढून टाकूया. समोरचं सगळं जाणार आहे, मग नवा टॉवर उठेपर्यंत तरी मोकळं दिसेल. इथंपण पातळ कापड लावा, टेकडीकडच्यासारखं.”

ताईनं अस्तराचा पडदा बाजूला सारला. तिनंच शिवलेला. एका टोकाची इमारत पाडून झाली होती. पिवळं यंत्र दुसरीकडे वळलं होतं. खिडक्या काढून नेल्या होत्या. एखाददुसऱ्या भोकात साय रंगाचं कापड अजून हलत होतं.

“कुठे गेले हो ते लोक?” बाई म्हणाल्या. विचारलं ते आपुलकीनंच.

“खाणीपलीकडे,” ताई म्हणाली. “मी पण तिकडेच राहते आता. मागच्या रस्त्याला राहते म्हणाले होते ना तुम्हाला, ते खोटं होतं. ती तिसऱ्या मजल्यावरची, डावीकडून दुसरी, ती आमची खोली. तिथं बसायचे ते माझे वडील.”

बाईंचा हात कपावरच राहिला. त्यांना आठवलं असावं. कधीमधी जाड पडदा सारताना त्यांनीही त्या म्हाताऱ्याला पाहिलं असणार. “कसे आहेत ते?” त्यांनी विचारलं.

“तिकडे गॅलरी नाही. खिडकीशी बसतात. समोर भिंत आहे.”

“मग… तुम्हाला हे काम नको असेल तर…”

“काम हवंय, बाई. कामासाठीच आलेय,” ताई म्हणाली आणि स्टुलावर चढली. टेपचं वरचं टोक तिनं दांडीला लावून धरलं. खालचं टोक बाईंनी हातात घेतलं, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं तरी. बाहेर यंत्राची घरघर वाढली आणि खिडकीची काच थरथरायला लागली. ताईनं डोळे दांडीवरून हलवले नाहीत. हलवले असते तर हात हलला असता आणि माप चुकलं असतं. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

“बाई,” ती वरूनच म्हणाली, “मला मान वळवता येत नाही. तेवढं बघून सांगाल? आमच्या गॅलरीत दोरी आहे. दोरीवर एक बनियन आहे. आहे का अजून?”

डॉक्टरीणबाई काचेच्या अगदी जवळ गेल्या. इतक्या जवळ त्या त्या खिडकीशी कधी गेल्या नव्हत्या. टेप हातात घट्ट धरून त्या बराच वेळ तिसऱ्या मजल्याकडे बघत राहिल्या.

“आहे,” त्या म्हणाल्या. “आहे अजून.”

ताईनं मान हलवली, केसांतली पेन्सिल काढली आणि खिडकीची उंची लिहून घेतली.